डावखुरी गाठ

पोरीच्या गाडी चालवण्यात एक तरी चूक काढायची, असं मनाशी ठरवूनच नबीसाब त्या सकाळी घरातून निघाले होते. फार मोठी नको, कारण पोर आपलीच. अगदी बारीकही नको, कारण मग बायको, हुसेनबी, ऐकून घेणार नाही. मधली, बेताची, सांगितल्यावर पटेल अशी.

बाप असून असला विचार करतो म्हणून त्यांना नावं ठेवायच्या आधी त्यांची बाजू ऐकून घ्या. नबीसाबांनी जन्मभर ट्रक चालवला. चादरी, सूत, कांदा, तूर, जे म्हणाल ते सोलापुरातून उचललं आणि हैदराबादपासून इंदूरपर्यंत पोचवलं. मग साखरेच्या आजारानं डाव्या डोळ्यात अंधार केला, डॉक्टरनं मान हलवली आणि लायसन कपाटात गेलं. तेव्हापासून नबीसाब अंगणातल्या बाजेवर. गल्लीतून गाडी गेली की नुसत्या आवाजावरून तिचं काय बिघडलंय ते सांगायचं, एवढाच धंदा उरला होता, आणि तेही ऐकायला कोणी थांबत नसे. थोरला आरिफ पुण्यात कॉम्प्युटरवर बसायचा. त्याला गाडीतलं हॉर्न सोडून काही कळत नव्हतं.

कळत होतं ते धाकट्या पोरीला, नाजनीनला. सासरहून ती कायमची परत आली ती मान खाली घालून आली नाही. आल्या आल्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात लागली, फोन घ्यायला. फोनवर रोजची रडारड एकच, मशीन बंद पडलंय, आमचा पार्ट कधी येतो? पार्ट तर तयार होऊन दारात पडलेला असायचा. पण ट्रान्सपोर्टवाला म्हणायचा, गाडी भरली की निघते. एका लोखंडाच्या तुकड्यासाठी अख्खा ट्रक कोण सोडणार? तिकडं माणसं हातावर हात ठेवून बसायची आणि इकडं पार्टावर धूळ बसायची. हे ऐकता ऐकता नाजनीनच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. तिनं नोकरी सोडली, एक जुनी पिकअप घेतली, मागच्या हौद्याच्या तिन्ही फळ्या काढून टाकल्या आणि वर जाड पत्र्याचा सपाट तळ ठोकून घेतला. कडेनं हूक लावले. आता वरून क्रेननं ठेवा, नाही तर बाजूनं सरकवा, माल कसाही बसायला मोकळा. एका वेळी एकाच गिऱ्हाइकाचा माल घ्यायचा आणि उचलला की थेट त्याच्या दारात नेऊन टेकवायचा. गाडीच्या दारावर तिनं रंगवून घेतलं, 'अर्जंट माल'.

सुरुवातीला घरात कोणी काही बोललं नाही, कारण कोणाला ते खरं वाटलंच नव्हतं. दारावरची अक्षरं वाळली तेव्हा मात्र हुसेनबीला ते खरं वाटलं. तिनं तोड काढली. पहिल्या खेपेला बाप सोबत जाईल. तो म्हणाला चालवू दे, तर चालवायची. तो नाही म्हणाला, तर पगारी ड्रायव्हर ठेवायचा आणि नाजनीननं घरी बसून फोन घ्यायचे. नाजनीननं आईच्या हातात हात देऊन कबूल केलं. दिलेला शब्द फिरवणारी ती नव्हती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हापासून नबीसाबांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. पोर पास झाली तर उद्यापासून ती एकटी जाणार आणि आपण पुन्हा बाजेवर. नापास झाली तर नव्या ड्रायव्हरवर नजर ठेवायला कोणीतरी लागेलच की. मग शेजारची सीट आपली. हा विचार त्यांचा त्यांनाच आवडत नव्हता, पण चपलेतल्या खड्यासारखा तो जागेवरून हलतही नव्हता.

पहिला फोन आला तो ऐन गळीत हंगामात. श्रीपूरच्या अलीकडं एक लहानसा साखर कारखाना होता. त्याची गव्हाण, म्हणजे उसाच्या मोळ्या जिच्यात पडतात आणि साखळीवरून आत ओढल्या जातात ती जागा, बंद पडली होती. साखळी फिरवणारा दांडा मोडला होता. नवा दांडा सोलापुरात नाजनीनच्याच जुन्या वर्कशॉपमध्ये तयार झाला होता. माणसाच्या उंचीचा, मांडीएवढा जाड, एका टोकाला दातेरी चाक. वर्कशॉपवाल्यानं नाजनीनला फोन केला आणि ती चहा अर्धा टाकून उठली. नबीसाबांनी टोपी घातली, कोपऱ्यातला आपला जुना ट्रकचा दोर खांद्यावर घेतला आणि कोणी बोलवायच्या आत गाडीत जाऊन बसले.

वर्कशॉपमध्ये क्रेननं दांडा गाडीवर टेकवला. नवा माल गंजू नये म्हणून त्याला वरपासून खालपर्यंत ग्रीस फासलेलं होतं. नाजनीननं सीटमागून लाकडी पाचरी काढल्या, एक साखळी काढली आणि खटक्यानं आवळायचे दोन रुंद पिवळे पट्टे काढले.

"ह्ये काय?" नबीसाबांनी पट्टा दोन बोटांत धरून वर उचलला. "बाळंतिणीच्या पोटाला बांधायचं?"

घरात बापलेक दखनी बोलत, पण गाडीत पाय ठेवला की नबीसाबांची जीभ मराठीवर यायची. रस्ता त्यांनी मराठीत शिकलेला होता आणि पोरीलाही त्याच भाषेत शिकवला होता.

"लोखंडाला हेच लागतं अब्बा," नाजनीन म्हणाली. "आणि ग्रीस लागलंय त्याला."

"लागू दे की. माज्या दोरानं अख्खा ट्रक कापसाच्या गाठी गुजरातपातूर नेल्यात. एक गाठ हालली न्हाय. ठिव ते पट्टं मागं."

नाजनीननं बापाकडं पाहिलं. म्हातारा अंगात वारं शिरल्यासारखा दिसत होता. बाजेवर बसून बसून वाकलेली पाठ सरळ झाली होती, बाह्या वर गेल्या होत्या. ती म्हणाली, "बरं," आणि पट्टे सीटमागं ठेवून दिले.

नबीसाबांनी दोर टाकला. त्यांचे हात डावखुरे होते. जेवण तेवढं उजव्यानं, कारण तशी शिस्त. बाकी सगळं डाव्यानं. ट्रकवाल्यांचा एक फास असतो, ओढाल तेवढा आवळतो आणि शेपूट ओढलं की एका झटक्यात सुटतो. तो फास नबीसाबांच्या हातून असा पडायचा की बघत राहावं. चार फास टाकले, चारी शेपट्या डावीकडं खोचल्या, वर ताडपत्री घातली, तीही बांधली, आणि गाडीच्या अंगावर दोन थापा मारल्या. दोन थापा म्हणजे चल, एक थाप म्हणजे थांब. हे क्लीनर लोकांचं काम. नबीसाबांनी ते अगदी कोवळ्या वयात केलं होतं, आणि त्यानंतर जन्मभर दुसऱ्यांकडून करून घेतलं होतं. आज आपणच थाप मारली हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

गाडी निघाली आणि नबीसाबांना पाहिजे होती ती चूक लगेच सापडली. पोर गाडी चालवत नव्हती, रांगवत होती. अक्कलकोट रोडवरून गावात, गावातून पुणे नाक्याकडं, सगळीकडं अशी सावकाश, जणू वरातीत नवरदेव बसवलाय. खड्डा दिसला की थांबल्यासारखी करायची आणि सारखी आरशात मागं बघायची. रिक्षावाले हॉर्न मारून मारून पुढं गेले. एक सायकलवालाही गेला. नबीसाबांनी खिडकीबाहेर बघायचं सोंग केलं, पण मनात पक्कं नोंदवलं. अर्जंट माल म्हणे.

बाळे ओलांडल्यावर महेश्वरचं हॉटेल लागलं. महेश्वर जुना ट्रकवाला. गुडघे गेल्यावर त्यानं रस्त्याच्या कडेला चहाचं दुकान टाकलं होतं. नाजनीननं तिथं गाडी बाजूला घेतली.

"तुम्ही चाचांना भेटून चहा घ्या अब्बा. मी हवा बघून घेते."

नबीसाबांना एवढंच पाहिजे होतं. ते आत जाऊन रस्त्याकडं पाठ करून बसले आणि महेश्वरपुढं मन मोकळं केलं.

"पोरगी लई भित्री हाय रं. अशी चालवली तर माल पोचंस्तवर हंगाम संपंल."

महेश्वर समोर बसला होता. त्याचं तोंड रस्त्याकडं होतं. तो नबीसाबांच्या खांद्यावरून बाहेर बघत होता. काहीतरी बघितल्यावर त्याच्या भुवया वर गेल्या, मग त्यानं ओठांवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "नबीभाई, इतक्या दिसांनी आलाय. अजून एक कप घ्या."

"घेतला की आत्ता."

"त्यो माल पोचवायचा. ह्यो दोस्तीचा."

मग महेश्वरनं जुन्या गोष्टी काढल्या. घाटात ब्रेक फेल झाल्याची काढली, जी नबीसाबांची आवडती होती आणि दर वेळी घाट थोडा उंच व्हायचा. सांगता सांगता दुसरा कप गार झाला. बाहेरून नाजनीनचा आवाज आला, "अब्बा, झालं," तेव्हा कुठं ते उठले. तिच्या हातांना ग्रीस लागलं होतं. टायर बघताना ग्रीस कसं लागतं, हे एरवी त्यांनी विचारलं असतं. पण ते अजून घाटात होते.

त्यानंतर मात्र गाडीची चालच बदलली. हायवेवर पोरीनं गाडी अशी काढली की नबीसाबांना सीटची कड धरावी लागली. वेड्यासारखी नाही हं, अंदाजानं, आरसे बघत, मोठ्या गाड्यांना वाट देत. पण वेगात. मोहोळ आलं आणि गेलं. आता नबीसाबांची पंचाईत झाली. गावात रांगते आणि हायवेला पळते, ही चूक म्हणावी की नाही, याचा निकाल त्यांना लावता येईना. त्यांनी तीही नोंदवून ठेवली, पण मघाच्याइतकी पक्की नाही.

मध्ये त्यांनी डब्यातली ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी काढली. तिनं थांबायला नकार दिला, तेव्हा एकेक तुकडा करून तिच्या हातात दिला. लहानपणी ती ट्रकमध्ये शेजारी बसायची तेव्हा ती त्यांना असंच भरवायची. तेव्हा तिचे पाय सीटवरून खाली लोंबत नसत, एवढी लहान होती. आणि बाजेच्या दोरीवर फास टाकायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. तिचे हात उजवे, यांचे डावे, त्यामुळं तिचा फास नेहमी उलट पडायचा आणि ते हसायचे. नबीसाबांनी पुढचा तुकडा मोडून तिच्या हातात दिला. ते पाणी प्याले आणि पुन्हा रस्त्याकडं बघायला लागले.

टेंभुर्णीला हायवे सोडला. पुढं दोन्ही बाजूंना ऊस, रस्त्यावर चिपाडं पडलेली, आणि पुढं-मागं उसानं भरलेल्या बैलगाड्या नि ट्रॅक्टर. नाजनीननं वेग कमी केला. एका वळणावर ट्रॅक्टरला वाट देताना एक बैलगाडी उतारावरून भरकन रस्त्यावर आली. बैल बुजले होते. गाडीवानानं कासरा ओढला तरी गाडी आडवीच झाली.

नाजनीननं ब्रेक दाबला, सगळा दाबला. टायर किंचाळले. नबीसाबांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला, जिथं काहीच नव्हतं, आणि हात पोरीच्या छातीपुढं आडवा झाला. गाडी बैलांपासून दोन हातांवर थांबली. बैलांनी एकदा गाडीकडं पाहिलं आणि गाडीवानानं त्यांना सावकाश बाजूला घेतलं.

नबीसाबांनी मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. त्यांच्या पाठीमागं, हातभर अंतरावर, तो मांडीएवढा दांडा होता. ताडपत्रीसकट जिथं ठेवला होता तिथंच. तसूभर हलला नव्हता. त्यांनी श्वास सोडला, आणि श्वासाबरोबर छातीही फुगली.

"बघितलंस?" ते म्हणाले. "ह्येला म्हणत्यात दोर. तुजं पट्टं असतं तर आज बापलेक हितंच राहिलो असतो."

नाजनीननं एकदा आरशात मागं पाहिलं.

"व्हय अब्बा," ती म्हणाली. "पक्कं बांधलंय."

आता नबीसाबांना बरं वाटलं. चूक काढायची गरजच उरली नाही, असं त्यांना वाटलं. पोर चालवते बरी, ब्रेक वेळेवर मारते, पण माल बांधायला बाप लागतोच. हुसेनबीला हेच सांगायचं. पोरीचं स्टिअरिंग तिच्याकडं आणि आपली सीट आपल्याकडं. खोटं तर काहीच नाही यात. उरलेल्या रस्त्यात त्यांनी शीळसुद्धा घातली.

कारखान्याच्या चिमणीतून धूर नव्हता. फाटकापासून आत मैदानापर्यंत उसाच्या बैलगाड्या ओळीनं उभ्या होत्या. बैल सोडून चाकांना बांधलेले, पुढ्यात उसाच्या शेंड्यांचं वाढं टाकलेलं. ऊसतोडीची माणसं गाडीखालच्या सावलीत पडून होती. ऊस उन्हात वाळत होता, आणि गाडी रिकामी झाल्याशिवाय त्यांना उसाच्या फडावर परत जाता येत नव्हतं. एक म्हातारी बाई चुलीच्या दगडावर बसली होती. ती उठून गाडीजवळ आली आणि ताडपत्रीकडं बोट करून तिनं विचारलं, "ह्येच व्हय ते?"

"व्हय, ह्येच," नबीसाबांनी खिडकीतून सांगितलं.

"लई बरं झालं बाबा." मग तिचं लक्ष स्टिअरिंगकडं गेलं. ती जराशी वाकली, नीट बघितलं आणि बैलाला मागं ढकलून वाट करून दिली.

फाटकावरच्या रखवालदारानं मात्र नाजनीनकडं पाहिलंच नाही. "या ड्रायव्हरकाका, लई वाट बघाया लावली," असं तो नबीसाबांना म्हणाला. नबीसाबांनी ते दुरुस्त केलं नाही. लई वर्षांनी कोणीतरी ड्रायव्हर म्हणालं होतं.

माल उतरवायची जागा अडचणीची होती. दोन खांबांच्या मधून गाडी मागं मागं न्यायची आणि बरोबर माल उचलायच्या चेनपुलीच्या खाली आणायची. नाजनीननं गिअर मागं टाकला आणि थांबली. तिनं बापाकडं पाहिलं. नबीसाब खाली उतरले आणि गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले. उजव्या डोळ्यानं त्यांनी दोन्ही खांब जोखले.

"येऊ दे. येऊ दे. डावीकडं घे. अजून. सरळ कर. येऊ दे."

एक थाप. गाडी जागेवर थांबली. चेनपुलीचा हूक बरोबर दांड्याच्या वर लोंबत होता. फोरमन सिद्धराम कपाळाचा घाम पुसत पुढं आला. सकाळपासून त्यानं साहेबांची आणि शेतकऱ्यांची बोलणी खाल्ली होती, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"सोडा चाचा, लवकर सोडा."

नबीसाब ताडपत्रीकडं गेले. डावा हात सवयीनं गाठीच्या डाव्या बाजूला गेला, शेपूट पकडायला. तिथं शेपूट नव्हतं.

ते होतं, पण उजवीकडं. त्यांनी दुसरी गाठ पाहिली. तीही उजवीकडं. फास त्यांचाच होता, वळण त्यांचंच होतं, पण सगळं आरशात बघितल्यासारखं. या वळणाचा फास जगात दोनच माणसं टाकायची, आणि त्यातलं एक आत्ता हाताचं ग्रीस ओढणीला पुसत गाडीतून उतरत होतं.

त्यांनी ताडपत्री वर उचलली. खाली दांड्याला दोन्ही अंगांनी लाकडी पाचरी ठोकलेल्या होत्या. साखळी चारी हुकांना ताणून बांधलेली होती, घासू नये म्हणून तिच्याखाली पोत्याचे तुकडे होते. आणि दोन पिवळे पट्टे, असे आवळलेले की बोट आत जाईना. माल धरून ठेवायचं सगळं काम साखळीचं आणि पट्ट्यांचं होतं. त्यांचा दोर वरून नुसता पडला होता. त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

दोर हातात घेतला तेव्हा त्यांना आणखी एक दिसलं. दातेरी चाकाला जिथं तो टेकला होता तिथं दोराचे पीळ कापले गेले होते. एमआयडीसीपासून बाळ्यापर्यंत, तेवढ्याशा रस्त्यात, अर्धा दोर गेला होता. तो भाग तिनं आतल्या अंगाला वळवून ठेवला होता.

त्यांनी गाडीची कड धरली. ते आडवे झालेले बैल त्यांच्या डोळ्यांपुढं आले, आणि मागच्या काचेमागचा तो दांडा. त्यांच्या दोरावर असता तर तो कुठं थांबला असता ते त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पोरीचं डोकं त्या काचेच्या पुढंच होतं. मग एकेक कळत गेलं. गावात गाडी का रांगत होती. सारखी आरशात का बघत होती. महेश्वरनं दुसरा कप कशाला पाजला. मला सगळे सांभाळत होते, आणि मी चुका गोळा करत होतो. त्यांना इतकी लाज वाटली आणि पोरीची इतकी माया आली की दोन्हींतलं कुठलं जास्त, ते त्यांनाच कळेना.

तोवर सिद्धराम वाकून बांधणी बघत होता. "वा," तो म्हणाला. "एवढं नीट बांधून कोण आणत न्हाय हो. मागच्या खेपेला असाच एक माल रस्त्यात घरंगळला हुता. ह्ये कुणी बांधलं?"

"अब्बांनी," नाजनीन पटकन म्हणाली. "त्यांचा हात लई जुना हाय."

तिनं बापाकडं पाहिलं. डोळ्यांनी विनवत होती, फक्त हो म्हणा. रखवालदारही येऊन उभा राहिला होता. नबीसाबांनी एकच शब्द बोलायचा होता. तो शब्द बोलले असते तर सीट राहिली असती, मान राहिला असता, आणि हुसेनबीला सांगायला गोष्टही राहिली असती.

"न्हाय," नबीसाब म्हणाले. "मी बांधलं ते ह्ये." त्यांनी कापलेला दोर सगळ्यांसमोर उचलून धरला. "आणि तिनं बांधलं ते ते. म्हणून आमी हितं उभं हाय."

मग ते रखवालदाराकडं वळले.

"आणि मघाशी तुमी मला ड्रायव्हर म्हणला. मी गप बसलो. ड्रायव्हर ही हाय. मी क्लीनर."

नाजनीन खाली बघत पट्ट्यांचे खटके सोडायला लागली. तिला ते नीट दिसत नव्हते. नबीसाब तिच्या शेजारी वाकले आणि पाचरी ठोकून ढिल्या करायला लागले.

"मला का सांगितलं न्हाईस?" त्यांनी हळूच विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही खाली उतरून घरी गेला असता."

"मग गेलो असतो. तुजी खेप झाली असती."

"खेप झाली असती," नाजनीन म्हणाली. "पण मला तुम्ही शेजारी पाहिजे होता. लहानपणापासून गाडी म्हणलं की दोघंच आहेत माझ्या डोळ्यांपुढं. एकटी मी कधी बघितलीच नाही." तिनं नाक पुसलं आणि गालाला ग्रीस लागलं. "तुम्हाला वाटतंय, मी पास झाले की तुम्ही बाजेवर. मला माहीत होतं. सकाळपासून माझ्या चुका शोधताय ते पण."

नबीसाब ओशाळले. ओढणीचं टोक धरून त्यांनी तिच्या गालावरचं ग्रीस पुसलं. आणखीच पसरलं.

चेनपुलीनं दांडा उचलला आणि माणसं त्याला आत घेऊन गेली. बापलेक गाडीच्या सपाट तळावर पाय सोडून बसले आणि डब्यातली उरलेली भाकरी खाल्ली. उन्हं कलायला लागली तेव्हा आतून खडखडाट ऐकू आला. आधी अडखळत, मग सलग. गव्हाण सुरू झाली. मैदानात माणसं उठली, बैल जुंपले, आणि पहिली गाडी पुढं सरकली. ती मघाची म्हातारी आपल्या गाडीबरोबर चालत त्यांच्यासमोरून गेली. जाता जाता तिनं गाडीतला एक ऊस उपसला आणि नाजनीनच्या मांडीवर ठेवला.

तेवढ्यात नबीसाबांचा फोन वाजला. हुसेनबी होती. सकाळपासून तिनं कसा दम धरला असेल ते तिलाच ठाऊक.

"काय ठरलं मग? ड्रायव्हर बघायचा का?"

नबीसाबांनी पोरीकडं पाहिलं. ती उसाचं कांडं मोडत होती, आणि ऐकत नसल्याचं दाखवत होती.

"ड्रायव्हर बघायचा न्हाय," ते म्हणाले. "ड्रायव्हर आपल्या घरातच हाय. क्लीनर बघायचा हुता, त्यो बी मिळाला."

"कोण?"

"हाय एक म्हातारा. एका डोळ्यानं कमी दिसतंय. बांधाया येत न्हाय अजून, शिकवावं लागंल. पण गाडी मागं घेताना बरा हाय."

पलीकडून हुसेनबी म्हणाली, "त्याला सांग, साखरेची गोळी घेतली का विचारलंय."

नाजनीनला दुसरा फोन आला होता. करमाळ्याला पाण्याची एक मोटार पोचवायची होती, उद्या सकाळी. तिनं फोन हातानं झाकला. "अब्बा, उद्या करमाळा. येणार?"

"क्लीनरला कोण इचारतं व्हय?" नबीसाब खाली उतरले. त्यांनी पट्टे गुंडाळले, आधी चुकीचे, मग तिनं दाखवल्यावर बरोबर. साखळी सीटमागं ठेवली, आणि अर्धा कापलेला दोरही घडी करून तिच्याशेजारीच ठेवला. मग गाडीच्या मागं जाऊन त्यांनी रस्ता मोकळा आहे का बघितलं आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.

गाडी सुरू झाली, पण हलली नाही. नाजनीननं पलीकडचं दार आतून उघडून ठेवलं होतं.